पुढच्या सीटवरचा चौथा

राजापेठेत फिजिक्सची शिकवणी घेणाऱ्या अनुपची झोप त्या दिवाळीत दोन गाड्यांनी उडवली होती. दोन्ही उंच, दोन्ही आखूड, दोन्ही बाजारात नव्या, आणि किमतीत उन्नीस-बीस. पांढरीची शोरूम अमरावतीतच होती; तांबडी बघायला अकोल्याला जावं लागणार होतं. जेवताना तो मोबाइल तांब्याला टेकवून ठेवी आणि कुठला तरी मुलगा दोन्ही गाड्या एकाच खड्ड्यातून नेऊन दाखवी, ते वरणभातासोबत पाहत बसे. ग्राउंड क्लिअरन्स म्हणजे गाडीचं पोट आणि रस्ता यांतलं अंतर, हे आता आपल्या मांजरीलाही कळतं, असं त्याची बायको माया म्हणायची.

मायाचं सगळं लक्ष स्वतःच्या पोटाकडे होतं. सातवा महिना लागला होता. मागच्या खेपेला सहाव्यातच बाळ गेलं. तेव्हा ती सासरच्या गावी होती. मोठे दीर देवानंद भाड्याची जीप चालवायचे. त्यांनीच तिला त्या जीपमध्ये घालून अमरावतीला आणलं होतं. रस्त्याची पार चाळण झालेली आणि जीपला स्प्रिंगचे पाटे नावालाच. दवाखाना येईपर्यंत सगळं संपलं होतं. तेव्हापासून पोटात हालचाल झाली की मायाचा दिवस चांगला जाई, आणि तासभर झाली नाही की तिच्या घशाखाली घास उतरत नसे. बाळंतपण अकोल्याला माहेरी करायचं ठरलं होतं. त्याआधी दारात गाडी हवी, आणि ती अशी हवी की आत बसल्यावर पोटातलं पाणी हलू नये. बाकी डिकी मोठी की छोटी, छताला खिडकी आहे की नाही, हे अनुपने बघून घ्यावं.

शोरूमवाल्यांचे फोन दिवसातून दहादा येत. त्या वर्षी पाऊस दिवाळी झाली तरी हटायला तयार नव्हता. सोयाबीनला उभ्या झाडावर कोंब फुटले आणि खेड्यातलं गिऱ्हाईक एका फटक्यात नाहीसं झालं. आता उरले ते पगारवाले आणि शिकवणीवाले. त्यांना चहासोबत काजूही मिळत.

रविवारी सकाळी निघायच्या वेळी माणिकबाई, म्हणजे अनुपची आई, उंबऱ्यात अडून उभी राहिली.

“तिघं जाऊन राहिलो ना आपन? मंग चौथा नको?”

तिघांनी मिळून चांगल्या कामाला निघायचं नाही, हा आपल्याकडचा जुना रिवाज. निघावंच लागलं तर अंगणातला एक खडा सोबत घ्यायचा, त्याला चौथा माणूस म्हणायचं, वाटेत माणसासारखा मान द्यायचा आणि काम झालं की उचलला तिथं परत ठेवायचा. शिकलेली माणसं याला हसतात आणि गुपचूप खिशात खडा टाकतात.

“आई, मायाले दोन धर. झाले चार,” अनुप म्हणाला.

“जलमलं नाई त्याले मोजत नसतात. तू मले शिकोवू नको.”

माणिकबाई खडा आणायला अंगणात गेली नाही, आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तांबड्या फडक्याची पुरचुंडी होती. मायाला जरा नवल वाटलं. पण सासूच्या शंभर तऱ्हांतली ही एक, असं म्हणून तिने चपला घातल्या.

पांढऱ्या गाडीच्या शोरूममध्ये मोईज नावाचा चटपटीत विक्रेता होता. त्याने गाडी उन्हात आणून उभी केली आणि चारी दारं उघडली. अनुप चालवायला बसला. त्याच्या शेजारच्या सीटवर माणिकबाईने पुरचुंडी सोडून लिंबाएवढा काळसर खडा ठेवला.

“मावशी, पुढं मी बसतो ना. सायबाले सगळं समजावून सांगा लागते,” मोईज म्हणाला.

“तू मांगं ये, बाबू. पुढची जागा भरली हाय.”

मोईजने खड्याकडे पाहिलं, माणिकबाईकडे पाहिलं, आणि गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून निमूट मागे बसला. अनुपने चावी फिरवली. लगेच टुंग-टुंग असा आवाज सुरू झाला.

“बेल्टचा हाय, सर. तुमचा नाई, बाजूच्या सीटचा. सरकारचा नवा नियम निघाला ना. पुढं मानूस बसला अन् बेल्ट नसला का वाजते.”

“बसलं कोण हाय तिथं?”

“खडा...” मोईज म्हणाला आणि स्वतःच थांबला. “नाई, खड्याले नाई वाजत. चांगलं लेकराएवढं वजन लागते. नवी गाडी हाय, होते असं.” त्याने मागून हात लांबवून रिकाम्या सीटचा पट्टा ओढला आणि खटक्यात बसवला. आवाज थांबला.

गाडी बडनेरा रोडला लागली. अनुप हरखून गेला होता. मुद्दाम खड्डा शोधून त्यात गाडी घालत होता, आणि गाडी खरोखरच लोण्यावरून जावी तशी जात होती. मायाच्या समोर तिरपी ती पुढची सीट होती. रिकाम्या सीटवर पट्टा ताणला तर तो पाठीला चिकटून बसतो, एवढं कुणालाही कळतं. हा चिकटलेला नव्हता. सीटपासून वीतभर पुढे, हवेतच, ताठ उभा होता. अनुपने ब्रेक दाबला तसा तो आणखी ताणला आणि मग सावकाश मागे आला. त्यानंतरही तो अगदी स्थिर नव्हता. थोडा पुढे येई, थोडा मागे जाई.

मायाने मान फिरवली आणि बाहेरची दुकानं बघत बसली. पोटावर हात ठेवायची तिची सवयच होती, तिने ठेवला. सकाळपासून धिंगाणा घालणारं बाळ गप्प होतं. तिने कूस बदलली, पोटाला हलकेच टिचकी मारली, मनात हाक दिली. काही नाही.

“कशी वाटली?” अनुपने आरशातून विचारलं.

“चांगली हाय. फिरवा आता परत.”

शोरूमला आल्यावर माणिकबाईने खडा उचलला, पदराने पुसला आणि पुरचुंडीत बांधून कमरेला खोचला. त्याच क्षणी मायाच्या पोटात अशी लाथ बसली की तिला खुर्ची धरावी लागली. सुटकेने तिचे डोळे भरून आले. गाडीच्या हेलकाव्यांनी झोपलं असेल, असं तिने मनाला सांगितलं. डॉक्टरीण म्हणाली होतीच की हेलकाव्यांनी बाळं झोपतात.

तिथून तांबडी बघायला एसटीने अकोल्याला जायचं होतं. माणिकबाई खिडकीशी बसली, माया कडेला, आणि दोघींच्या मध्ये खडा. पलीकडच्या बाकावरून अनुप दोन गाड्यांचं व्याख्यान देत होता. पांढरीचं पोट उंच, तांबडीची सीट रुंद. पांढरीला डिकी, तांबडीला मागे एसीची जाळी. मूर्तिजापूरला गाडी गच्च भरली. बाया उभ्या राहिल्या, पोरं मांडीवर आली, पण मायाच्या शेजारी कुणी जागा मागितली नाही. एक म्हातारी तेवढी टोपलं घेऊन वाकली आणि तशीच सरळ झाली.

“मले वाटलं जागा हाय,” ती ओशाळून म्हणाली आणि पुढे सरकली.

मायाने मधल्या जागेकडे पाहिलं. तिथं फक्त खडा होता. तिच्या पोटात बसमध्ये बसल्यापासून काहीही हललं नव्हतं. बोरगाव मंजू मागे पडलं तरी हललं नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो बस थेट दवाखान्यात वळवायला लावील आणि सासू तिथंच गळा काढील, म्हणून ती दातांवर दात दाबून बसली. अकोल्याच्या स्टँडवर माणिकबाईने खडा कमरेला खोचला आणि बाळ हललं. दोनदा झालं तरी त्याला योगायोग म्हणता येतं. मायाने तसंच म्हटलं.

तांबडी गाडी दाखवायला तुबा नावाची मुलगी होती. डोक्याला फिकट ओढणी, हातात टॅब, आणि बोलणं इतकं नेमकं की अनुपलाही मध्ये तोंड घालायला फट सापडेना. पुढची जागा भरली आहे, हे तिलाही ऐकून घ्यावं लागलं. ती हसली आणि मागे बसली. पातूर रोडला जाऊन येऊ, म्हणाली. तिकडे रस्ता जरा खराब आहे, गाडीची परीक्षा होते.

अनुपने गाडी सुरू केली. टुंग-टुंग.

तो मागे वळला. “ही दुसऱ्या कंपनीची हाय ना?”

“हो, सर. आमच्या गाडीत असं पहिल्यांदाच होत आहे,” तुबा म्हणाली.

फिजिक्सचा मास्तर तो; गप्प थोडाच बसणार! त्याने खडा उचलला, आवाज थांबला. ठेवला, आवाज सुरू. उचलला, ठेवला. खड्यात लोखंड असेल, चुंबक असेल, असं काहीबाही तो बोलत राहिला. त्याची नजर सीटवर होती. मायाचा हात पोटावर होता. खडा वर गेला की बाळ ढुशी मारी. खडा सीटवर टेकला की आत सगळं थंड होई. त्याला अर्धी गोष्ट दिसत होती, तिला पूर्ण. जो पुढच्या सीटवर बसत होता, तो बसायला तिच्या पोटातून उठून जात होता.

तिने हे कुणाला सांगितलं नाही. गाडी निघाली, गल्ल्या संपल्या, मोर्णेचा पूल आला. त्या वर्षीच्या पावसाने नदी काठोकाठ होती. तिथं मायाला कंठ फुटला.

“गाडी थांबवा. आई, हा खडा कुठचा हाय?”

माणिकबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. अनुपने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. टुंग-टुंगही बंद झालं.

“देवानंदाचा हाय,” माणिकबाई म्हणाली.

तुबाला काही कळेना, पण ही घरातली गोष्ट आहे एवढं कळलं. ती दार उघडून खाली उतरली आणि जरा लांब जाऊन उभी राहिली.

देवानंद गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात तापाने गेले. डोक्यात ताप शिरला आणि चार दिवसांत उभा माणूस आडवा झाला. लग्न झालं नव्हतं. शेती करणाऱ्याला मुलगी द्यायला हल्ली कोण तयार असतं! शेती केली, लोकांच्या जीपा चालवल्या, आणि एक दिवस स्वतःची गाडी घेईन असं म्हणता म्हणता गेले. मायाचं पहिलं बाळ गेलं, त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर बसून तेच सगळ्यांत जास्त रडले होते. माझी चांगली गाडी असती तर पोचवलं असतं मायाले, एवढंच ते पुन्हापुन्हा म्हणत होते.

माणूस गेला की क्रियेच्या वेळी एक खडा घेतात. जीवखडा. दहा दिवस जीव त्यात राहतो असं मानतात, आणि दहाव्याला तो नदीत सोडतात. देवानंदांची क्रिया अनुपने केली होती. डोकं भादरून, कौंडण्यपूरला वर्धेच्या पाण्यात उतरून, त्याने स्वतःच्या हाताने भावाला सोडलं होतं.

“मी सोडला ना तो!” अनुप ओरडला. “या हातानं सोडला!”

“तू सोडला तो आंगनातला खडा. तू आंघोयीले गेला अन् मी बदलला.” माणिकबाईचा आवाज अगदी साधा होता, भाजी आणायला विसरले म्हणावं तसा. “त्याले सोताची गाडी पायजे होती, बाबू. काहीच न पाहता गेला माहा लेक. म्हटलं, तू गाडी पाहाले जाशीन तवा याले घेऊन जाईन. दोनी गाड्यात बसवीन, अन् मंग सोडून देईन. झाल्या दोनी. आता सोड त्याले. हे काय खाली पानी.”

अनुपच्या मनात राग होता, आणि रागाखाली भीती. एवढ्याशा खड्याखाली सीटची कापडी बैठक मध्यभागी खोल दबलेली त्याला आता दिसली. त्याने खडा मुठीत घेतला, खाली उतरला आणि कठड्याकडे निघाला.

खडा सीटवरून उचलला की बाळ हलत होतं. माया वाट पाहत राहिली. या वेळी हललं नाही. अनुप एक पाऊल पुढे गेला आणि तिचं पोट हलकं वाटायला लागलं. आणखी एक पाऊल, आणखी हलकं. हा हलकेपणा तिच्या ओळखीचा होता. जीपमध्ये, अर्ध्या रस्त्यात, असंच वाटलं होतं तिला. दवाखान्यात डॉक्टरीण सांगायच्या कितीतरी आधी तिला कळून चुकलं होतं.

तिने दार ढकललं आणि सातव्या महिन्यातली बाई जेवढं धावू शकते तेवढी धावली.

“द्या इकडं!”

अनुपचा हात कठड्याबाहेर होता. “माया, बाजूले हो. आईच म्हणते ना सोड म्हणून.”

“आईचं काम झालं. माझं नाही झालं.” तिने त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि बोटं एकेक करून उघडली. खडा गरम होता. तो तिच्या तळव्यात आला आणि पोटात वजन परत आलं. ती कठड्याला टेकून धापा टाकत राहिली.

माणिकबाई मागोमाग आली होती. तिने सुनेच्या हाताकडे पाहिलं, मग पोटाकडे. तिला समजायला वेळ लागला नाही. तिनेही लेकरं पोटात वाढवली होती. ती मटकन पुलाच्या कडेलाच बसली.

“नको वं माय,” ती म्हणाली. “मी चुकलो. दोन घटका बसवाले आनला होता मी त्याले, ठेवाले नाई. मेल्या मानसाले अडवू नये. सोड. तुहं लेकरू तुहंच राहू दे.”

“राहिलं तर माझं राहील ना!” मायाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज कापत नव्हता. “हा खडा सोडला की आतलं जाते, आई. तुमाले नाही, मले कळते ते. आत कोण हाय मले माहीत नाही. भाऊजी असतील तर भाऊजी असू दे. पण त्या दिवशीसारखी रिकामी नाही येणार मी घरी.”

“अन् मंग? जलमल्यावर?” माणिकबाईने विचारलं. “तुह्याकडं पाहून तो कोनाले माय म्हनन?”

खाली मोर्णेचं गढूळ पाणी आवाज करत चाललं होतं. अनुप दोघींच्या मध्ये उभा होता. सगळं फिजिक्स विसरून तो आईला उचलावं की बायकोला धरावं, या विचारात पडला होता.

माया वळली आणि गाडीकडे गेली. मागचं दार उघडंच होतं, पण ती पुढच्या दाराने आत शिरली. त्या बैठकीत बसताना तिला क्षणभर वाटलं, कुणीतरी अंग चोरून तिला जागा करून दिली. बैठक ऊनऊन होती. तिने खडा ओटीत घेतला आणि पट्टा पोटाखालून ओढून खटक्यात बसवला.

बाकीचे एकेक करून आले. तुबा मागे बसली आणि ओठांतल्या ओठांत दुआ पुटपुटली. माणिकबाई तिच्या शेजारी बसली आणि तिने डोळ्यांना पदर लावला. अनुपने चावी फिरवली. आवाज आला नाही.

पोटात लाथ बसली. मग दुसरी, मग तिसरी. आतलं बाळ असं उसळत होतं की मायाच्या पदरावरून दिसावं. तिला इतका आनंद झाला की तिला हुंदका आवरेना, आणि त्या आनंदातच ती नखशिखांत थरथरत होती. शहराकडे परतताना रस्त्यात पहिला मोठा खड्डा दिसला, तशी आतली धडपड एकदम थांबली. तिच्या बरगडीखाली एक पाऊल घट्ट रोवलं गेलं आणि दाबून धरलं गेलं. चालवणाऱ्याच्या शेजारी बसलेला ड्रायव्हर खड्डा दिसला की आपल्याच पायाने ब्रेक दाबतो, तसं.

मायाने ते पाऊल वरून हाताने कुरवाळलं.

“हळू घ्या,” ती अनुपला म्हणाली. “भाऊजी जागे हायेत.”